कोरा कोपरा

१

रावेरिस गावच्या पुरुषांनी निम्म्या जगाच्या फरश्या घातल्या आणि स्वतःच्या घरात मात्र एक कोपरा मातीचाच ठेवला. परक्याला वाटावं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण तो कोपरा विसरलेला नसे, राखलेला असे.

मोझॅकची ओतीव फरशी घालणारा माणूस पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि मागे सरकत सरकत दाराशी येतो. नाहीतर ओल्या कामात स्वतःच अडकून बसेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रावेरिसचे लोक परमुलखात असंच करत. स्वतःच्या घरी मात्र उलटं. दारापासून सुरुवात, आणि दर हिवाळ्यात सुट्टीवर आलं की हातभर पट्टा पुढे, भिंतीच्या दिशेने. शेवटी पलीकडे खाटेएवढा कोपरा उरे. त्यात भिंतीला टेकून एक बसका दगड. हा कोपरा भरायचा तो कायमचं परत आल्यावरच. मग माणूस त्या दगडावर बसून आपल्या पुढ्यात चुना आणि खडी ओतून घेई, आणि सुकेपर्यंत तिथेच अडकून राही. बायको उंबऱ्यात उभी राहून पाव भट्टीत सारायच्या लांब फळीवरून त्याला ताट सरकवी. शेजारीपाजारी दारात दाटी करून विचारत, "आता कुठं पळशील रे?" फरशी सुकली की तो तिच्यावरून चालत बाहेर येई, आणि तेव्हा कुठे तो घरचा होई.

जो परमुलखात मेला त्याचा कोपरा दुसऱ्या कुणी भरायचा, खाली त्याची थापी पुरून. पण मेला हे नक्की कळलेलं हवं. जित्या माणसाची जागा बुजवणं याहून मोठं पाप रावेरिसला ठाऊक नव्हतं.

दिर्चे रोवेदोच्या घरातला कोपरा जवळजवळ साठ वर्षं कोरा होता. तिचा बाप ओस्वाल्दो एका वसंतात फ्रान्सला कामावर गेला तो गेलाच. ती तेव्हा सात वर्षांची होती. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. तिची आई जेमा, विचारलं की एवढंच म्हणायची, "दुसरीची चूल गोड लागली असेल." आणि तरी कोपऱ्याला कुणाला हात लावू देत नसे. रागाच्या पोटात आशा असते, ती अशी.

आई गेली, भाऊ गेला, दिर्चे दूधसंघाच्या गल्ल्यावरून निवृत्त झाली, गुडघे बोलू लागले. घर विकायचं ठरलं. आमच्याकडे घरं बदलायची ती संत मार्तीनोच्या दिवशी, नोव्हेंबरात, शेतीची कामं संपली की. त्या दिवशी तिला पोर्देनोने शहरात भाच्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं.

दर शनिवारी ती मागची खोली ओल्या भुश्श्याने झाडायची आणि जवसाच्या तेलाचं फडकं फिरवायची. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी फडकं फिरवताना ती थबकली. फरशीची कोपऱ्याकडची कड खडबडीत होती, तिथे फडकं अडकायचं, धागे निघायचे. इतक्या वर्षांची सवय. आज फडकं अडकलं नाही. कड गुळगुळीत होती, आणि वीतभर पुढे होती.

म्हातारपणी खोल्या लहान होतात, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.

२

बापाचा शोध तिने आईच्या माघारी सुरू केला होता. आई असताना ते शक्यच नव्हतं.

कागदपत्रांतून काही निघालं नाही. तिला फरश्यांतून वाट सापडली. ओस्वाल्दो दर वर्षी जाताना मेदूना नदीच्या कोरड्या पात्रातले खडे खिसा भरून न्यायचा, आणि जिथे फरशी घालेल तिथे उंबऱ्याशी सहा खडे बसवायचा, पाच पांढरे आणि एक काळा. गावात प्रत्येकाची अशी काहीतरी खूण असे. घरच्या फरशीत, मागच्या खोलीच्या दाराशी, तेच सहा खडे होते. तिचा भाचा एर्मेस याने त्यांचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, ही खूण कुणी पाहिली आहे का.

"आजोबांनी राजवाड्यांना फरश्या घातल्या," एर्मेस म्हणायचा, "आणि मी प्लास्टिकच्या पट्ट्या विकतो. तासाभरात खोली तयार. आत्या, म्हणशील तर तुझा तो कोपरा फुकटात झाकून देतो."

"तुझं प्लास्टिक तुझ्या घरी."

"अगं, पण घेणाऱ्यांनी सांगितलंय, खोली पुरी हवी. मी गवंडी ठरवलाय. मार्तीनोच्या सकाळी ट्रक घेऊन येतो, तोही येईल. चार घमेली सिमेंट टाकलं की झालं."

"आधी कळू दे."

"काय कळायचंय? असते तर शंभरीला टेकले असते."

"मेले हे मलाही कळतं रे," दिर्चे म्हणाली. "कसे मेले ते कळू दे. आमचे म्हणून मेले की दुसऱ्या कुणाचे."

एर्मेस मनाने चांगला होता, फक्त घाईत असायचा.

फोटो येऊ लागले. जगात इतके लोक आपल्या पायांखाली बघतात हे दिर्चेला माहीत नव्हतं. कोपनहेगनहून एका बाईने जिन्याखालची फरशी पाठवली. ल्योंहून दुसरीने एका जुन्या सार्वजनिक न्हाणीघराची पाठवली. उंबऱ्याशी सहा खडे, पाच पांढरे, एक काळा. दिर्चे फोनच्या काचेवर बोट फिरवायची. बापाचा एकही धड फोटो घरात नव्हता, आईने ठेवला नव्हता. हेच त्याचं तोंड म्हणायचं.

ल्योंच्या त्या बाईनेच सांगितलं की त्या कामावर तिच्या आजोबांबरोबर ओस्वाल्दोखेरीज रावेरिसचा आणखी एक कामगार होता, तिते नावाचा.

दिर्चेने कपाळावर हात मारला. हा तिते चेस्कुत तर गावातल्याच वृद्धाश्रमात होता, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

३

तिते अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता आणि एकटाच दोन्ही बाजूंनी पत्ते खेळत होता.

"ओस्वाल्दोची ना तू? नाक त्याचंच आहे. बिचारी. बस."

"तितेकाका, एकच विचारायला आलेय. बाबा मेले की पळाले?"

त्याने पत्ते पालथे ठेवले. "तुझ्या आईने सांगितलं नाही?"

"आईला तरी कुणी सांगितलं?"

"मी गेलो होतो सांगायला. ईस्टरला आलो, तो थेट तुमच्या दारात. ती उंबऱ्यातच उभी राहिली, हातात झाडू. म्हणाली, कोपरा भर म्हणून सांगायला आला असशील तर आल्या पावली परत फिर. फिरलो. बाई झाडू घेऊन उभी असताना कुठला शहाणा तोंड उघडेल? मग दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. मग ती मला बघून रस्ता बदलायला लागली. मग मी लागलो."

"म्हणजे मेले."

"छातीत धूळ बसली होती. तो घासायचा दगड आठवतो तुला, लांब दांड्याचा? आम्ही त्याला तुरुंग म्हणायचो. पाणी मारून घासायचा असतो तो. मालकाला घाई, कोरडाच घासायला लावायचा. इथून निघाला त्याच वर्षी हिवाळ्यात ओस्वाल्दोला जिना चढवेना. माझ्या मांडीवर गेला. डोळे मी मिटले, हे बघ, या हाताने." तितेने तो हात खरोखरच पुढे केला. "शेवटी शुद्धीवर होता. म्हणाला, तिते, घरचा कोपरा कोरा आहे ना रे? मी म्हटलं, आहे. तर म्हणाला, मग निघतो."

दिर्चे रडली. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये, चार म्हाताऱ्यांच्या देखत, तोंड झाकायचंही भान न ठेवता रडली. बाप मेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी सुटलं होतं. तो पळाला नव्हता. दुसरी चूल नव्हतीच. आई उगीच जळत राहिली आणि तिने लेकीलाही त्या धगीशी बसवून ठेवलं.

"दुसरी कुणी नव्हती ग," तिते म्हणाला. "आम्ही चिडवायचो त्याला, जेमाचा कुत्रा म्हणून."

त्याने उशाचा खण उघडून फडक्यात गुंडाळलेली एक थापी काढली. पातं झिजून बोटभर उरलं होतं, मुठीला चिंधी बांधलेली. "ही तुमची. कोपऱ्यात पुरायची असते. माझ्याने दिली गेली नाही. आता भरा बाई तो, सुटू दे त्याला."

४

घरी येऊन तिने सगळे फोटो टेबलावर मांडले. एर्मेसने ते मोठे करून छापून आणले होते. आता ती शांतपणे बघणार होती, बापाच्या आयुष्याचा रस्ता एकदा डोळ्यांखालून घालणार होती आणि मग गवंड्याला हो म्हणणार होती.

जुन्या फरश्यांत बहुधा सालही खड्यांनीच लिहिलेलं असतं. कोपनहेगनचं साल बरोबर होतं. ल्योंचं बरोबर होतं. मग एक तुरिनच्या शाळेचा फोटो होता, त्यातही तेच सहा खडे. साल त्रेसष्ट. तिते म्हणाला त्या हिवाळ्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

तिने चष्मा पुसला. ब्रेशाचं एक दुकान, साल एकोणऐंशी. त्रेविझोतल्या एका डॉक्टरांचा जिना, अठ्ठ्याण्णव. रेल्वेचे थांबे यावेत तशी गावं ओळीने येत होती, आणि थांबे घराच्या दिशेने होते.

दिर्चे काही भोळी बाई नव्हती. आयुष्यभर दुधाचे हिशेब तपासले होते. तिने विचार केला, बापाचा एखादा हाताखालचा असेल, त्याने खूण उचलली असेल. मग त्याच्याही हाताखाली कुणी. कलेत असंच चालतं. पण खडे? मेदूनेचा काळा खडा साधा काळा नसतो, त्यातून केसासारखी हिरवी रेघ जाते. तिने भिंग लावलं. त्रेविझोच्या जिन्यावर हिरवी रेघ होती.

दुसऱ्या दिवशी एर्मेस फोनवर सहज बोलून गेला, "कोल्वेराच्या बारमध्ये गेली होतीस का एवढ्यात? नीवेसने खऱ्या मोझॅकची फरशी घालून घेतलीय. माझ्या धंद्याचं वाटोळं."

कोल्वेरा शेजारचं गाव, मध्ये फक्त नदीचं पात्र. दिर्चे बसने गेली. दारातच वाकली. गुडघे कळवळले, पण ते सहा खडे तिथे होतेच.

"काही पडलं का?" काउंटरमागून नीवेसने विचारलं.

"ही कुणी घातली?"

"ठेकेदाराने पाठवला होता कुणीतरी. जुन्या वळणाचा माणूस, गुडघ्यांना गोणपाट बांधायचा. यंत्राला हात लावला नाही, सगळं घासकाम त्या दांड्याच्या दगडाने. खोकायचा मात्र फार. मी म्हटलं, तोंडाला काही बांधा हो. नुसता हसायचा."

"जेवायला इथेच?"

"कसला जेवतोय. बोलावलं तर म्हणे, घरीच जेवेन आता. कुठले म्हणून विचारलं तर म्हणाला, इथलाच, पलीकडच्या गावचा. मी म्हटलं, तुम्हाला पाहिल्यासारखं वाटत नाही. तर म्हणाला, बरेच दिवस बाहेर होतो." नीवेसने पेला पुसून ठेवला. "ओळखीचा का तुमच्या?"

"कधी झालं हे?"

"सप्टेंबरात संपवून गेला. कॉफी देऊ? पांढऱ्या पडलात तुम्ही."

५

गवंड्याला नको म्हणून सांगायला तिने फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. एर्मेसला काय सांगणार होती? म्हातारीला भ्रम झाला म्हणाला असता, आणि तिलाही तो दिलासाच वाटला असता.

थापी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली होती. सकाळी उठली तर ती तिथेच होती, पण तिच्या पात्यावर ओला चुना होता.

त्या दिवसापासून मागच्या खोलीतून आवाज येऊ लागला. दुपारचं जेवण झालं की सुरू होई. सर्र, थांबून पुन्हा सर्र. ओल्या दगडावर दगड. ती दार उघडी तेव्हा काहीच नसे, फक्त कळीच्या चुन्याचा उग्र वास आणि मातीचा तो चौकोन आदल्या दिवसापेक्षा लहान. दार लावलं की थोड्या वेळाने पुन्हा सर्र. मग खोकला. कोरडा, लांबलेला, शेवटी शिट्टीसारखा श्वास.

शेजारचा पंप असेल, असं तिने दोन दिवस मानलं. तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन विचारलं. पंप उन्हाळ्यापासून बंद होता.

भीती वाटली का? वाटली. एकदा ती कोट चढवून, पर्स घेऊन फाटकापर्यंत गेली, बस येताना दिसली, आणि तिने बस जाऊ दिली. कारण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते भीतीहून जुनं होतं. सात वर्षांची असताना ती याच आवाजावर झोपी जायची. हिवाळ्याच्या दुपारी बाप पट्टा घासत असायचा आणि ती भिंतीला कान लावून गोधडीत पडलेली असायची. घरात पुरुषाच्या कामाचा आवाज नसणं म्हणजे काय असतं, ते तिला नंतर कळलं होतं, आणि ते किती वर्षं पुरतं तेही.

तिने खुर्ची आणून भिंतीला लावली. विणकाम मांडीवर घेऊन ती रोज दुपारी तिथे बसू लागली. विणलं काहीच नाही.

६

संत मार्तीनोच्या आदल्या दिवशी धुकं इतकं होतं की चार वाजताच दिवे लागले. सामान खोक्यांत भरून झालं होतं. भिंतीपलीकडचा आवाज अचानक थांबला. खोकलाही नाही. काम संपल्यावर माणूस जसा गप्प बसतो तशी शांतता.

दिर्चेने दार उघडलं.

फरशी भिंतीपर्यंत पुरी झाली होती. अलीकडचा जुना भाग सुका, आणि त्यापुढे ओलं, चकचकीत, एकसंध. त्यावर पाऊल नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. जो कुणी तिथे होता तो बाहेर आलेला नव्हता.

दिवा तिने लावला नाही. खिडकीतून धुक्याचा जेवढा उजेड येत होता तेवढ्यात भिंतीजवळचा बसका दगड दिसला. त्यावर गोणपाटात बांधलेले दोन गुडघे. एका गुडघ्यावर हात ठेवलेला, चुन्याने पांढरा, नखांपाशी फुटलेला. त्याच्या वर काळोख होता. तिने नजर वर नेली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. खोक्यातून तांब्याचं भांडं काढलं, मक्याचं पीठ वैरलं आणि पोलेंता घोटायला उभी राहिली. वर डुकराच्या चरबीत परतलेला पाला घातला, चीजचा तुकडा ठेवला. भट्टीमागची लांब फळी काढली. पुसली. ताट तिच्या टोकाशी ठेवलं आणि उंबऱ्यात उभी राहून, तोंड बाजूला करून, ओल्या फरशीवरून कोपऱ्याकडे सरकवलं.

फळी जड होती. मग हलकी झाली.

चमच्याचा आवाज आला. सावकाश, भुकेल्या माणसाचा, पण घाई नसलेला. ताट खरवडल्याचा आवाज आला. दिर्चेच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात फळीला होते.

मग कोपऱ्यातून धुळीने भरलेल्या गळ्यातून कुणी विचारलं, "जेमा?"

आईचा आणि तिचा आवाज सारखा होता. फोनवर लोक हटकून फसायचे. पण ती अजून बोललीही नव्हती. या घरात हातात फळी घेऊन उंबऱ्यात दुसरी कोण उभी राहणार, असं त्याला वाटलं असेल.

बाबा, मी दिर्चे. एवढंच म्हणायचं होतं. पण तो ज्या दिर्चेला सोडून गेला ती सात वर्षांची होती, तिचे पुढचे दात पडलेले होते. आणि मी दिर्चे म्हटलं की पुढचं विचारलंच असतं, आई कुठाय. आई नाही म्हटल्यावर तो कुणासाठी थांबणार होता? इतका रस्ता तो लेकीसाठी चालून आला नव्हता. हे कळायला दिर्चेला काही शिकावं लागलं नाही. लेकींना हे कळतंच.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"उशीर झाला ग."

"होऊ दे," दिर्चे म्हणाली. खरी जेमा असती तर झाडूच उगारला असता.

७

सकाळी एर्मेस ट्रक घेऊन आला, मागोमाग गवंडी सिमेंटची पोती घेऊन.

"आत्या, हे काय, खोकी अजून आतच? आणि कोपरा भरलास की. कुणाला आणलंस? मला विचारायचं तरी." तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहून बघत राहिला. प्लास्टिक विकत असला तरी होता रोवेदोच. त्याची नजर दारापासून भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. "आत्या, हा बाहेर आला कसा?"

तो पुढे पाऊल टाकणार तोच तिने त्याची कॉलर धरून मागे ओढला. "ओलं आहे."

"दिवा का लागत नाही?"

"बल्ब काढलाय."

कोपऱ्यातून खोकला आला. कोरडा, लांबलेला. गवंड्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो पोत्यांकडे न बघताच बाहेर गेला. एर्मेस जागचा हलला नाही.

"आत्या, कोण आहे आत?"

"घेणाऱ्यांना सांग, घर विकायचं नाही."

"आत्या, तू माझ्याबरोबर चल. आत्ताच्या आत्ता. कोट राहू दे."

"जा रे बाळा," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. "तू घाईचा माणूस. इथे घाईचं काम नाही."

तो गेला. मग फोन करत राहिला. मग एका डॉक्टरला घेऊन आला, तेव्हा दिर्चेने दाराला आतून कडी घातली आणि खिडकीतून दोघांना सांगितलं की ती ठणठणीत आहे, आणि डॉक्टरांना हवं असेल तर त्यांनी एर्मेसला तपासावं.

चुन्याची फरशी सिमेंटसारखी वाळत नाही. तिला ओली गोणपाटं लागतात, दिवस लागतात. पण वाळते. दुसऱ्या आठवड्यात कडेने रंग फिका पडायला लागला तेव्हा दिर्चेला पहिल्यांदा ते नीट दिसलं. फरशी वाळेल त्या दिवशी तो दगडावरून उठेल, तिच्यावरून चालत येईल आणि स्वयंपाकघराच्या उजेडात येईल, आपल्या जेमापाशी. त्याचं वय अजून सदतीस असेल. आणि समोर त्याच्याच नाकाची एक म्हातारी उभी असेल.

तेव्हापासून ती रोज सकाळी झारी घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि कोपऱ्याकडे पाणी शिंपडते. ओलीने त्याचा खोकला वाढला आहे, ते तिला ऐकू येतं. रात्री ती स्वतःला शिव्या घालते, उद्या नाही शिंपडणार म्हणते. दुपारी ताट सरकवते, रिकामं परत घेते, आणि ते दोघं थोडं बोलतात, गाईचं, द्राक्षांचं, शेजाऱ्यांचं. त्यातले सगळे शेजारी मेलेले आहेत. आई त्याला अरेतुरे करायची, लेकी बापाला अहोजाहो करत, म्हणून तिला प्रत्येक वाक्याला जीभ सांभाळावी लागते. आताशा तिला सवय झाली आहे.

"पोर कुठाय ग?" त्याने काल विचारलं. "दिसत नाही ती."

"झोपलीय," दिर्चे म्हणाली.

"उठली की पाठव. दारातून का होईना, बघेन."

तिने फळी मागे ओढून घेतली. थोड्या वेळाने कोपऱ्यातून पुन्हा आवाज आला, दमलेला, तरी समजूतदार.

"जेमा, अजून ओलीच आहे का ग?"

"ओलीच आहे," दिर्चे म्हणाली. "नको येऊस इतक्यात."

आणि झारी भरायला ती नळाशी गेली.